तीनांतले दोन कुठे गेले?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्योत परीक्षा बहुतेकांनी केलेली असते. सोडियमची पिवळी आणि तांब्याची हिरवी ज्योत सगळ्यांच्या लक्षात राहते. लिथियम क्लोराइडची बाटली मात्र कपाटातून क्वचितच बाहेर निघते. निघालीच, आणि तारेच्या टोकावर कणभर पूड घेऊन ती बर्नरवर धरली, की ज्योत किरमिजी होते. त्या रंगाचा पत्ता पक्का आहे: तरंगलांबी ६७०.८ नॅनोमीटर. ताऱ्याच्या वर्णपटात याच पत्त्यावर गेलं तर उजेडाऐवजी काळी रेघ भेटते, कारण ताऱ्याच्या वातावरणातलं लिथियम आतून येणाऱ्या प्रकाशातला नेमका तेवढा रंग गिळून टाकतं. रेघ जितकी ठसठशीत, तितकं लिथियम जास्त. या एका रेघेवरून खगोलशास्त्रज्ञ चाळीसहून अधिक वर्षं भांडत आहेत.

भांडण आकड्याचं आहे. विश्वाची पहिली वीसेक मिनिटं म्हणजे एक प्रचंड भट्टी होती. तिच्यात हायड्रोजनपासून हेलियम शिजलं, थोडं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, उरलं आणि तळाला लागावं तसं चिमूटभर लिथियम तयार झालं. पुढची मूलद्रव्यं बनलीच नाहीत. पाच किंवा आठ कणांचं टिकाऊ अणुकेंद्र निसर्गात नाही. शिडीच्या त्या दोन पायऱ्याच गायब आहेत, आणि विश्व इतक्या झपाट्याने निवत होतं की उडी मारायला उसंत मिळाली नाही. कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सगळं नंतर ताऱ्यांनी केलं. भट्टीचं हे गणित सांगतं की हायड्रोजनच्या दर एक हजार कोटी अणूंमागे लिथियमचे सुमारे पाच अणू असायला हवेत. आकाशगंगेतल्या सर्वांत म्हाताऱ्या ताऱ्यांत प्रत्यक्षात भरतात ते दीड-पावणेदोन. तीनांतला एक भाग हजर, दोन गैरहजर.

या गैरहजेरीची स्पष्टीकरणं ढीगभर आहेत. मला त्यांच्यापेक्षा त्यांची तपासणी कशी झाली यात जास्त रस आहे. आपल्याच बाजूने बोलणारं स्पष्टीकरण कोणीही रचू शकतो. ज्याला लिथियमशी काही देणंघेणं नाही अशा तिऱ्हाईताची साक्ष काढली, तेव्हाच एकेक दावा टिकला किंवा पडला.

आधी म्हाताऱ्या ताऱ्यांची ओळख. खगोलशास्त्रज्ञांच्या बोलीत हेलियमच्या पुढचं सगळं ‘धातू’. ऑक्सिजनसुद्धा धातू! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावावा अशी ही परिभाषा, पण सोयीची आहे. ताऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या जळत गेल्या तसे वायूत धातू साठत गेले. म्हणून ज्या ताऱ्यात धातू कमी, तो जुना. १९५१ साली जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स अ‍ॅलर यांनी दोन ताऱ्यांत लोह सूर्याच्या मानाने फारच कमी असल्याचं दाखवलं, तिथून हा शोध सुरू झाला. त्यातला एक, एचडी १४०२८३, आपल्यापासून जेमतेम २०० प्रकाशवर्षांवर, तूळ राशीत आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण साध्या दुर्बिणीतून सापडतो. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, मध्यरात्रीच्या सुमारास महाराष्ट्रातून तो दक्षिणेला चांगला वर असतो. दिसायला अगदी सामान्य ठिपका. त्यातलं लोह सूर्यातल्या लोहाच्या सुमारे अडीचशेवा हिस्सा, आणि लिथियमची रेघ मात्र स्वच्छ.

ही रेघ स्वच्छ असणं हेच १९८२ साली नवल होतं. पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेतले मोनिक आणि फ्रांस्वा स्पीत हे दांपत्य हवाई बेटावरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीतून अशा धातुगरीब ताऱ्यांचे वर्णपट घेत होतं. लिथियम हे फार नाजूक मूलद्रव्य आहे. सुमारे २५ लाख अंश तापमानाला ते प्रोटॉनशी गाठ पडताच फुटतं, आणि ताऱ्यांच्या पोटात याहून कितीतरी जास्त उष्णता असते. सूर्याचंच पाहा: उल्कापाषाणांतल्या लिथियमशी तुलना केली तर सूर्याच्या पृष्ठभागावर ते सुमारे दीडशे पट कमी आहे. साडेचार अब्ज वर्षांत सूर्याने इतकं खाल्लं, तर तेरा अब्ज वर्षांच्या म्हाताऱ्यांकडे काय उरणार? उरलं होतं. आणि सगळ्यांकडे जवळजवळ सारखं उरलं होतं.

आलेखाच्या आडव्या अक्षावर लोह, उभ्यावर लिथियम मांडलं, की पाचगणीचं टेबललँड दिसतं. लोह दहापट कमी झालं, शंभरपट कमी झालं, तरी लिथियमची पातळी हलत नाही. या सपाटीला ‘स्पीत पठार’ हेच नाव पडलं. खगोलशास्त्रज्ञांचं माप असं: हायड्रोजनचे एक लाख कोटी अणू धरायचे, त्यामागे लिथियमचे किती ते मोजायचं आणि त्याचा लॉगरिदम घ्यायचा. या मापात पठाराची उंची सुमारे २.२ आहे. स्पीत दांपत्याने निष्कर्ष काढला तो त्या वेळी सरळ होता. ज्या मूलद्रव्यावर ताऱ्यांच्या पिढ्यांचा काही परिणाम दिसत नाही, ते ताऱ्यांच्या आधीचं असणार. हेच महास्फोटातलं मूळ लिथियम. या ताऱ्यांचा ढवळणारा बाहेरचा थर उथळ असतो, लिथियम जळेल इतक्या खोलवर तो पोचत नाही, असं ताऱ्यांची त्या काळची प्रारूपंही सांगत होती. तेव्हा विश्वात साधं द्रव्य किती, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. उलट पठाराच्या उंचीवरूनच ते काढायचा प्रयत्न होत असे.

२००३ साली डब्ल्यूमॅप या उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या उजेडातून साध्या द्रव्याची घनता थेट मोजली आणि नंतर प्लँक उपग्रहाने ती आणखी बारकाईने पक्की केली. ती घनता भट्टीच्या गणितात घातली तर लिथियमची उंची यायला हवी सुमारे २.७. लॉगरिदमच्या मापात ०.५ म्हणजे तिप्पट.

तेव्हा पहिला संशय गणितावर जायला हवा होता. पण इथे पहिला तिऱ्हाईत उभा राहतो: ड्युटेरियम. ते त्याच भट्टीत, त्याच मिनिटांत बनलं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचा उजेड वाटेतल्या जवळजवळ अस्पर्शित वायूच्या ढगांतून येतो आणि त्या ढगांतलं ड्युटेरियम त्यावर आपली खूण उमटवतं. रायन कुक, मॅक्स पेत्तिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हायड्रोजनच्या एक लाख अणूंमागे ड्युटेरियमचे सुमारे २.५३ अणू, असं माप दिलं आणि त्यातली अनिश्चितता एक टक्क्याच्या आसपास होती. सूक्ष्मलहरींतून येणारी अपेक्षाही तिथेच आहे. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे जुळले, तर भट्टीचा अख्खा हिशेब चुकला असं म्हणणं अवघड होतं.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांची आठवण येणं साहजिक आहे. महास्फोटाला ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले, आणि लिथियमचा घोळ हा त्या बाजूचा पुरावा नव्हे का, असा प्रश्न मला एकदोनदा व्याख्यानानंतर विचारला गेला आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांची या गोष्टीतली जागा मोठी गमतीची आहे. ‘बिग बँग’ हे नाव त्यांचंच, १९४९ च्या बीबीसीवरच्या भाषणातलं. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी शिजतात हे सांगणाऱ्या १९५७ च्या प्रसिद्ध निबंधाचे ते एक लेखक. त्या निबंधात ड्युटेरियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन यांची सोय कुठेच लागेना, म्हणून त्यांच्या जन्मप्रक्रियेला नुसतं ‘एक्स’ म्हणून पुढे जावं लागलं. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, वॅगनर आणि फाउलर यांच्याबरोबर महास्फोटात हलकी मूलद्रव्यं किती बनतील याचं सविस्तर गणित करणारेही हॉईलच. आणि १९९८ साली जेफ्री बर्बिज यांच्यासह, ही सगळी हलकी मूलद्रव्यं ताऱ्यांतूनच आली असावीत, असं मांडणारेही तेच. मला स्वतःला ड्युटेरियमची साक्ष निर्णायक वाटते. सूक्ष्मलहरींनी दिलेल्या आकड्यावर ड्युटेरियम नेमकं का बसतं, हे पर्यायी सिद्धांताला आधी सांगावं लागेल. लिथियमचा प्रश्न त्यानंतर.

निरीक्षणातच गफलत असेल तर? लिथियमची रेघ ताऱ्याच्या तापमानाला फार संवेदनशील आहे. तारा जितका तापलेला, तितकं जास्त लिथियम आयनित होतं आणि रेघ फिकी पडते. म्हणजे तापमान कमी धरलं तर लिथियमही कमी मोजलं जातं. पण १०० अंशांच्या चुकीने उंची जेमतेम ०.०७ ने बदलते, आणि खड्डा आहे ०.५ चा. तो बुजवायला सगळे तारे सहा-सातशे अंशांनी जास्त गरम असावे लागतील. आजच्या मापनपद्धतींत शंभरेक अंशांपलीकडे वाद उरलेला नाही. हा दावा इथेच संपतो.

अणुकेंद्रांच्या अभिक्रियांची गोष्ट जास्त रंजक आहे. भट्टीत लिथियम थेट फारसं बनलं नाही. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिलनातून बेरिलियम-७ बनलं, आणि त्याने नंतर इलेक्ट्रॉन गिळून लिथियम-७ चं रूप घेतलं. म्हणजे बेरिलियम बनण्याचा वेग तिपटीने जास्त धरला गेला असेल, किंवा ते नष्ट करणारी एखादी वाट नजरेतून सुटली असेल, तर कोडं सुटतं. पहिल्या शक्यतेला तिऱ्हाईत सापडला तो आपला सूर्य. सूर्याच्या गाभ्यातही हीच अभिक्रिया चालते आणि तिच्यावर अवलंबून असलेले न्यूट्रिनो पृथ्वीवर मोजले गेले आहेत. वेग एक तृतीयांश असता तर ते न्यूट्रिनोही जवळजवळ त्याच प्रमाणात घटले असते. तसं दिसत नाही. २००४ साली सायबर्ट, फील्ड्स आणि ऑलिव्ह यांनी हा युक्तिवाद मांडला. लिथियमच्या फिर्यादीत सूर्याला साक्षीला बोलवायची ही कल्पना मला फार आवडते. इटलीत ग्रान सास्सो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेनेही हाच वेग स्वतंत्रपणे मोजला आणि त्यात काही वावगं निघालं नाही.

दुसरी शक्यता तपासणं कष्टाचं काम होतं. बेरिलियम-७ किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुकाल फक्त ५३ दिवस. त्याचं लक्ष्य बनवायचं, त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करायचा आणि अर्धं विरघळून जायच्या आत मापं घ्यायची. युरोपात हे जमवलं गेलं. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत न्यूट्रॉन-स्रोत थंड ठेवणारं पाणी फिरत असतं आणि त्यात आपोआप बेरिलियम-७ साठतं. ते पाण्यातून वेगळं काढलं, जिनिव्हाला सर्नच्या प्रयोगशाळेत नेलं आणि तिथल्या न्यूट्रॉनांच्या झोतात ठेवलं. २०१६ आणि २०१८ मध्ये निकाल आले. न्यूट्रॉन बेरिलियम खातात, पण लिथियमच्या अपेक्षेत त्याने फार तर दहा-बारा टक्के फरक पडतो. तिप्पट कुठे आणि बारा टक्के कुठे! थंड करायच्या पाण्यातून विश्वाच्या पहिल्या मिनिटांचा दस्तऐवज गाळून काढण्याची ही कारागिरी मात्र कौतुकाची आहे.

नव्या कणांच्या सिद्धांतांवर मी फार वेळ घालवणार नाही, जरी कागद त्यांच्यावरच सर्वांत जास्त खर्च झाला असेल. महास्फोटानंतर काही मिनिटांनी कुठला तरी अज्ञात जड कण फुटला आणि त्यातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी बेरिलियम संपवलं, अशी त्यांतली एक लोकप्रिय कल्पना. कल्पना सुबक, पण ते न्यूट्रॉन बेरिलियमला मारून थांबत नाहीत. प्रोटॉनांना धरून जादा ड्युटेरियमही बनवतात. ड्युटेरियमचं माप सैल होतं तोवर हे खपून जात होतं. ते एक टक्क्यावर आल्यावर यातली बहुतेक प्रारूपं अडचणीत आली. अ‍ॅक्सिऑन नावाच्या कणांनी प्रकाशाला थंड केलं असं सांगणारी दुसरी एक कल्पना प्लँकच्या मापांपुढे टिकली नाही.

उरतात स्वतः तारे. लिथियम मुळात पुरेसं होतं, पण तेरा अब्ज वर्षांत ताऱ्यांनीच ते पृष्ठभागावरून नाहीसं केलं. सर्वांत साधं वाटणारं हे स्पष्टीकरण उशिरा गंभीरपणे घेतलं गेलं, आणि त्याला कारण होतं: पठाराची सपाटी. १९९९ साली शॉन रायन, जॉन नॉरिस आणि टिमोथी बीअर्स यांनी दाखवलं की या पठारावर ताऱ्या-ताऱ्यांतला फरक इतका कमी आहे की मोजमापाच्या चुकांपलीकडे जवळजवळ काहीच उरत नाही. वेगवेगळ्या वस्तुमानाच्या, वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांनी लिथियम गिळलं असेल तर कोणी जास्त, कोणी कमी गिळायला हवं. सगळ्यांनी मोजून-मापून दोन-तृतीयांश कसं काय खाल्लं? पंगतीत शंभर माणसं बसली आणि प्रत्येकाच्या पानात नेमकी सारखीच भाजी उरली, असं कोणी सांगितलं तर आपण ते सहजी मानणार नाही.

या आक्षेपाला धक्का दिला तो २००६ साली आंद्रेआस कॉर्न आणि सहकाऱ्यांनी, आणि मला वाटतं या सगळ्या वादातला सर्वांत हुशार प्रयोग तोच. तर्क असा. ताऱ्याच्या शांत थरांत जड अणू गुरुत्वाने हळूहळू खाली बसतात, ताकातला चोथा तळाला बसावा तसे. फक्त इथे बसायला अब्जावधी वर्षं लागतात. लिथियम बुडत असेल तर लोहही बुडायला हवं. मग लिथियमचं भांडण बाजूला ठेवून लोहालाच विचारायचं. त्यासाठी ज्यांचं मूळ लोह सारखं आहे असे तारे हवेत, आणि गोलाकार तारकागुच्छात ते मिळतात: एका काळी, एकाच वायूतून जन्मलेले. पथकाने एनजीसी ६३९७ हा गुच्छ निवडला. तो साडेसात-आठ हजार प्रकाशवर्षांवर आहे. चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने त्यातल्या अठरा ताऱ्यांचे वर्णपट घेतले. काही अजून मुख्य अवस्थेच्या टोकाशी होते, काही फुगून लाल राक्षसी तारे झालेले. तारा फुगतो तेव्हा त्याचा ढवळणारा थर खूप खोल जातो आणि तळाला बसलेलं लोह पुन्हा वर येतं. म्हणून न फुगलेल्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर लोह कमी दिसायला हवं.

दिसलं. सुमारे तीस टक्के कमी. जी प्रारूपं लोहाचा हा फरक बरोबर सांगत होती, त्यांनाच मग लिथियम किती बुडालं असेल ते विचारलं. उत्तर आलं: मूळ लिथियमची उंची २.५४, अनिश्चितता ०.१. तेव्हाच्या महास्फोटाच्या अपेक्षेशी हे जुळत होतं. या निबंधाच्या शीर्षकात ‘ताऱ्यांतलं संभाव्य उत्तर’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि त्यातल्या ‘संभाव्य’ला लेखकांइतकंच वजन टीकाकारांनीही दिलं.

टीकेत तथ्य होतं. नुसतं बुडणं पुरत नाही. ते एकटंच चालू असतं तर ज्या ताऱ्यांचा ढवळणारा थर उथळ आहे, म्हणजे जे जास्त गरम आहेत, त्यांत लिथियम जास्त बुडून पठार एका बाजूने तिरकं झालं असतं. सपाटी राखायला खाली कुठेतरी आणखी एक ढवळणी मानावी लागते. ही ढवळणी किती जोराची, हे कुठल्या मूलभूत नियमातून निघत नाही. निरीक्षणाशी जुळेल अशा जागी बटण फिरवावं लागतं. नंतर एनजीसी ६७५२ आणि एम ३० या गुच्छांतही असेच कल सापडले, प्रत्येक वेळी मूळ उंची २.५ च्या आसपास. पण बटण प्रत्येक ठिकाणी किंचित वेगळं लावावं लागलं. आणि मधल्या काळात भट्टीच्या गणितातली अपेक्षा २.७ कडे सरकली होती. म्हणजे तिपटीचा खड्डा दीडपटीवर आला, पूर्ण बुजला नाही.

दरम्यान पठाराच्या कडेला वेगळंच काही घडत होतं. २०१० साली लुका स्बोर्दोने यांच्या पथकाने आणखी धातुगरीब तारे तपासले, लोह सूर्याच्या सहाशेव्या भागाहूनही कमी असलेले. तिथे पठार ढासळतं. काही ताऱ्यांत लिथियम पठाराइतकं, काहींत कमी, काहींत फारच कमी. पुढच्याच वर्षी एलिझाबेता काफ्फाऊ आणि सहकाऱ्यांना सिंह राशीत एक तारा सापडला. धातूंच्या एकूण हिशेबात तेव्हाचा सर्वांत गरीब, आणि त्यात लिथियमची रेघच नाही! उलट त्याहूनही कमी लोहाच्या, जे००२३+०३०७ अशा नीरस नावाच्या ताऱ्यात, लिथियम पुन्हा २.० वर, पठाराला जवळजवळ टेकलेलं. आणि काही विक्षिप्त अपवाद सोडले, तर या सगळ्या गर्दीत पठाराच्या वर कोणी नाही. महास्फोटाची २.७ ही रेषा रिकामीच आहे. ताऱ्यांनी खाल्लं असं मानणाऱ्यांना हे सोयीचं आहे, कारण कमी खाणारे आणि जास्त खाणारे असे दोन्ही आता दिसले. मात्र सर्वांत कमी खाणाऱ्यांनीही एकाच पातळीवर का थांबावं, हा प्रश्न तसाच राहतो.

२०२२ साली अलेस्सिओ मुच्चारेल्ली आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: राक्षसी अवस्थेकडे नुकत्याच निघालेल्या ताऱ्यांतलं लिथियम मोजलं तर? त्यांचा ढवळणारा थर आधीच खोल गेलेला असतो, बुडलेलं परत वर आलेलं असतं, त्यामुळे बुडण्याच्या तपशिलावर फारसं काही अवलंबून राहत नाही. ५८ ताऱ्यांत त्यांना दुसरं पठार सापडलं, १.०९ उंचीचं, इतकं खाली, कारण खोल ढवळणीत लिथियम पातळ होतं. आणि हे पठार धातूंच्या अगदी टोकाच्या गरिबीपर्यंत बऱ्याच अंशी टिकतं, पहिल्यासारखं कडेला ढासळत नाही. याचा अर्थ मला असा वाटतो की कडेचं ढासळणं ही त्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावरची घडामोड असावी, जन्मापासूनची उणीव नव्हे. पण इथून मागे हिशेब करत गेलं तरी मूळ उंची अडीचच्या पलीकडे जात नाही. दीडपटीचा तो हट्टी उरलेला खड्डा इथेही भेटतोच.

आता ज्या तिऱ्हाईताने सगळ्यांना फसवलं आणि मग तोच सर्वांत उपयोगी ठरला, त्याच्याकडे. लिथियमचा धाकटा भाऊ, लिथियम-६. महास्फोटात तो नावापुरता बनतो. पुढे विश्वकिरण अवकाशातल्या वायूवर आदळतात तेव्हा थोडा थोडा बनत जातो. ही कल्पना रीव्हज, फाउलर आणि, पुन्हा, हॉईल यांनी १९७० मध्ये मांडली. २००६ साली मार्टिन आस्प्लुंड यांच्या पथकाने चोवीस जुन्या ताऱ्यांपैकी नऊंमध्ये लिथियम-६ सापडल्याचं जाहीर केलं, एकूण लिथियमच्या पाचेक टक्के. महास्फोटातून अपेक्षा होती त्याच्या सुमारे हजारपट! लिथियम-७ तिपटीने कमी आणि लिथियम-६ हजारपटीने जास्त. अज्ञात कणवाल्यांची दिवाळीच झाली, कारण त्यांची काही प्रारूपं नेमकं हेच देत होती.

पण लिथियम-६ची वेगळी रेघ दिसत नाही. ती थोरल्या भावाच्या रेघेतच मिसळलेली असते, अँगस्ट्रॉमच्या सहाव्या हिस्स्याइतकी लाल बाजूला सरकलेली. दिसतं ते एवढंच की खळग्याची लाल बाजू किंचित जास्त खचलेली आहे. २००७ साली रोजे काय्रेल आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते इथे. ताऱ्याचा पृष्ठभाग उकळत्या आमटीसारखा असतो: मधून गरम, उजळ वायू वर येतो, कडांना थंड, मंद वायू खाली जातो. वर येणाऱ्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, खाली जाणाऱ्याचा लालकडे. दोन्हींची उजळी सारखी नसल्याने रेघ आपोआप तिरपी होते. धाकट्या भावाचं सोंग ही आमटीच करू शकते. २०१३ मध्ये करीन लिंड यांनी ताऱ्याच्या वातावरणाचं पूर्ण त्रिमितीय प्रारूप वापरून हिशेब पुन्हा केला, तेव्हा लिथियम-६ विरून गेलं. २०२२ मध्ये एस्प्रेसो या अत्यंत बारकाईच्या वर्णपटमापकाने घेतलेल्या मापांतही ते सापडलं नाही. ज्यावर सिद्धांत उभे राहिले ते उकळीचं नकली रूप होतं.

इथे प्रकरण बंद झालं असतं. ब्रायन फील्ड्स आणि कीथ ऑलिव्ह यांनी मात्र २०२२ साली या न सापडण्यालाच साक्षीला बोलावलं. विश्वकिरणांनी काही लिथियम-६ बनवायलाच हवं होतं; त्यांनीच बनवलेलं बेरिलियम या ताऱ्यांत प्रत्यक्ष दिसतं. मग ते गेलं कुठे? लिथियम-६ थोरल्या भावापेक्षा नाजूक, सुमारे २० लाख अंशांनाच जळतं. ज्या ताऱ्याने लिथियम-६ संपवलं तो लिथियम-७ लाही हात लावून बसला असण्याची शक्यता बरीच वाढते. मला हा युक्तिवाद कॉर्न यांच्या लोहाइतकाच पटतो, आणि तो बटण कुठे फिरवलं यावर अवलंबून नाही हे त्याचं बळ. ताऱ्यांचं फिरणं, खालच्या थरांतली ढवळणी आणि बुडणं एकत्र धरणारी नवी प्रारूपंही दोन्ही भावांचा हिशेब एकाच वेळी जुळवायच्या मागे आहेत.

ताऱ्यांना पूर्णपणे टाळून लिथियम मोजायचा एक मार्ग आहे, आणि तो एकदा वापरला गेला आहे. क्रिस्तोफर हाउक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली लहान मॅगेलन मेघातल्या वायूतलं लिथियम मोजलं. ही छोटी दीर्घिका सूर्याच्या चौथा-पाचवा हिस्सा धातू असलेली आहे. तिथल्या एका तेजस्वी ताऱ्याचा उजेड वाटेतल्या थंड वायूतून येतो आणि त्यावर लिथियमची रेघ उमटते. आकडा आला तो हायड्रोजनच्या एक हजार कोटी अणूंमागे सुमारे ४.८. महास्फोटाची अपेक्षा, जवळजवळ तंतोतंत.

हे उत्तर ऐकून आनंद व्हायला हवा, पण ते थोडं जास्तच नेमकं आहे. त्या दीर्घिकेत आजवर ताऱ्यांच्या अनेक पिढ्या झाल्या आहेत. विश्वकिरणांनी आणि नवताऱ्यांच्या स्फोटांनी मूळ साठ्यात आणखी लिथियम घातलेलं असणार. २०१३ साली दिसलेल्या धनिष्ठा तारकासमूहातल्या नवताऱ्यात बेरिलियम-७ प्रत्यक्ष सापडलं होतं. शिवाय ताऱ्यांची लिथियम बनवायची रीत अजून पुरती कळलेली नाही. २०२० साली बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले बचम ईश्वर रेड्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सूर्यासारखे साधे तारेही राक्षसी अवस्थेच्या शेवटी, हेलियम पेटल्यावर, आपलं लिथियम सरासरी चाळीसपट वाढवतात. मग मेघातलं मूळ लिथियम २.७ च्याही खाली होतं, आणि नंतरची भर पडून योगायोगाने तिथे आलं? एका रेघेवरून हे ठरणार नाही. मेघाहून धातुगरीब अशा बटू दीर्घिकेतलं थंड वायूचं ठिकाण हवं, त्याच्या नेमकं मागे लख्ख तारा हवा, आणि इतक्या दुरून रेघेचा खळगा वाचू शकेल एवढी मोठी दुर्बीण हवी. चिलीत सेरो आर्माझोनेसच्या माथ्यावर ३९ मीटर आरशाची एक दुर्बीण उभी राहते आहे, आणि तिच्या वर्णपटमापकांच्या कामांत किरमिजी रंगाची ही फिकट रेघही असेल.